अण्णा भाऊ साठे यांनी मॉस्को कुठल्या नजरेनं पाहिलं?

मॉस्कोला जाऊन आलेला परदेशी प्रवासी सहसा लाल चौक, क्रेमलिन आणि थंडीबद्दल सांगतो. १९६१ साली रशियाला गेलेल्या अण्णा भाऊ साठेंचं तसं नव्हतं.

शाळा जेमतेम दीड दिवसाची. वाटेगावहून घरच्यांसोबत पायी मुंबई गाठलेली, गिरणीत राबलेले, मुक्काम घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. त्यामुळे 'माझा रशियाचा प्रवास' लिहिताना त्यांचा खरा प्रश्न एकच होता : कष्टकरी माणूस तिथं कसा जगतो?

गंमत म्हणजे रशिया पाहण्याच्या कितीतरी आधी, महायुद्धाच्या काळातच, त्यांनी हिटलरच्या फौजा अडवणाऱ्या स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता. ते रशियाला गेले त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या शहराचं नाव बदलून व्होल्गोग्राड झालं!

अर्थात अण्णा भाऊ पक्के कम्युनिस्ट, आणि सोव्हिएत सरकार परदेशी पाहुण्यांना निवडक गोष्टीच दाखवायचं. म्हणून या पुस्तकात तिथल्या दडपशाहीचा हिशेब शोधू नये. मुंबईत जे मिळालं नाही, ते एका कामगारानं तिथं शोधलं, असं समजून ते वाचावं.

सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात अण्णा भाऊंचा पुतळा बसवण्यात आला.