जुनी गाडी घेताना

कापूस विकून चार पैसे हाती आले, की आमच्या बीडकडे कुणी कुणी जुनी गाडी घेतात. रंग पाहतात, गाद्या पाहतात. आम्ही म्हणतो, आधी पद्मिनीची हकीकत ऐका.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. कारखाना मुंबईला, कुर्ल्यात. तिची पद्मिनी मोटार दणकट. मुंबईच्या किती टॅक्सीवाल्यांचे संसार तिच्यावर चालले! त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. गिऱ्हाईक आपोआप येई, मग गाडी सुधारायची कशाला? १९८३ साली मारुती आली. ती हलकी, थोड्या पेट्रोलात लांब जाणारी. गिऱ्हाईक तिकडे वळले. पुढे पद्मिनी निघायची बंद झाली, सुटे भाग मिळेनात. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही थांबली.

तेव्हा आधी मिस्त्रीला विचारावे, हिचे सुटे भाग बीडला मिळतात का? मग पेट्रोल मोजावे. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. ६० किलोमीटर फिरून पुन्हा टाकी भरावी. ४ लिटर बसले, तर लिटरला १५ किलोमीटर पडले. विकणारा एवढेही फिरू देत नसेल, तर त्याचा चहा प्यावा आणि एस. टी. ने घरी यावे.