हात खाली गेला म्हणून गोळी बंद करू नका

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत पाळीभर मागासमोर उभे राहणाऱ्या माणसाचे खांदे आणि कंबर संध्याकाळी ठणकू लागतात. डॉक्टरकडे जावे तर खाडा पडतो, खाडा पडला की मजुरी बुडते. म्हणून घरच्या घरी, बिनपैशाचा उपाय कोणी सांगितला की आपली माणसे कान देऊन ऐकतात. हल्ली मोबाईलवर असाच एक प्रकार शिकवतात. त्याला ‘मसल टेस्टिंग’, म्हणजे स्नायूंची परीक्षा म्हणतात. ती शिकावी की नाही, हे वाचकांनी स्वतः ठरवावे म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

परीक्षा अगदी सोपी असते. एकाने हात खांद्याइतका वर, सरळ धरायचा. दुसऱ्याने मनगटावर दाब द्यायचा. धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात साखर, औषध किंवा एखादा पदार्थ द्यायचा. हात टिकला तर ती वस्तू मानवते, खाली गेला तर मानवत नाही, असे समजायचे. एकटा माणूस अंगठा व बोटाचे कडे करून ते दुसऱ्या हाताने उघडते का, हे पाहतो. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे जॉर्ज गुडहार्ट यांनी १९६४ साली ही पद्धत सुरू केली. ते हाडे व मणके बसवण्याचा व्यवसाय करीत. १९७३ साली जॉन थाय यांनी सामान्य माणसांसाठी पुस्तक लिहिले आणि ती घराघरात गेली.

येथे एक घोटाळा टाळावा. अर्धांगवायू झालेल्या रुग्णाचा हात डॉक्टर दाबून पाहतात आणि ताकदीला ० ते ५ गुण देतात. ती खरी वैद्यकीय तपासणी आहे. तिच्यात फक्त स्नायूची ताकद मोजतात. कोणती गोळी मानवेल, हे तिला कोणी विचारत नाही.

मग हात खरोखर खाली का जातो? आपल्याकडे बोअर मारण्याआधी पाणाड्या हातात फांदी घेऊन शेतात फिरतो आणि फांदी वळते. तो मुद्दाम वळवत नसतो. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात, हे इंग्लंडचे डॉक्टर विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ सालीच मांडले. येथेही तसेच घडते. दाबणारा नकळत थोडा जास्त दाबतो, धरणारा नकळत थोडा सैल होतो. फसवणूक कोणाचीच नसते, पण उत्तर आधीच ठरलेले असते.

१९८८ साली अमेरिकेत याची तपासणी झाली. तीन अनुभवी जाणकारांनी ११ माणसांच्या शरीरात चार पोषक द्रव्ये पुरेशी आहेत का, हे वेगवेगळे तपासले. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत, प्रयोगशाळेच्या तपासणीशीही जुळले नाहीत.

हे कोणाच्या सांगण्यावरून मानू नका. घरी करून पाहा. दोन सारख्या काडेपेट्या घ्या. एकीत साखर, दुसरीत तेवढ्याच वजनाचे मीठ कापसात गुंडाळून ठेवा. आधी उघड परीक्षा करा, काय होते ते लिहा. मग तिसऱ्या माणसाने दुसऱ्या खोलीत नाणे उडवून एक पेटी निवडावी, ती आणून ठेवावी आणि निघून जावे. धरणारा व दाबणारा दोघांनाही आत काय आहे ते कळता कामा नये. असे २० वेळा करा. नुसत्या अंदाजानेही १०च्या आसपास बरोबर येतात, हे लक्षात ठेवा. खांदा दुखत असेल त्याने हात धरू नये.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. वहीत नुसती जमा लिहिली आणि खर्च लिहिला नाही, तर ताळेबंद जुळत नाही. या परीक्षेतही बरोबर आलेलेच लक्षात राहते, चुकलेले कोणी लिहीत नाही. म्हणून दोन्ही लिहा.

हा नुसता खेळ असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण साखरेच्या आजाराची गोळी हातात धरली, हात खाली गेला आणि गोळी बंद केली, तर नुकसान शरीराचे होते. क्षयाचे औषध साधारण सहा महिने चालते. अर्ध्यावर सोडले तर रोग उलटतो आणि पुढे औषधाला दाद देत नाही. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

ज्यांचे कामगार विम्याचे कार्ड आहे, त्यांच्या पगारातून २०१९ साली ठरलेल्या दराने शेकडा पाऊण रुपया कापला जातो. मालक सव्वातीन रुपये भरतो. म्हणजे डॉक्टरचे पैसे आपण आधीच दिलेले आहेत, आजारपणाच्या रजेचा भत्ताही त्यातच आहे. कार्ड नसेल तर मालकाकडे मागा, एकट्याला जड वाटले तर चौघे मिळून मागा.

संध्याकाळी घरच्या माणसाचा दुखरा खांदा हळूच चोळावा, जवळ बसून विचारपूस करावी. त्याने बरे वाटते, त्याला फीही लागत नाही. मात्र गोळी चालू ठेवायची की बंद करायची, हे विचारायला डॉक्टरकडेच जावे.