खर्रामुक्तीची पहिली पायरी : विचारणा

रामटेक हे नाव उच्चारताच रामगिरी व कालिदास यांचे स्मरण होते. एके काळी हा परिसर विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठीही नावाजलेला होता. परंतु आज विदर्भातील पानटपरीवर विड्याइतकीच, किंबहुना अधिक मागणी असते ती खर्ऱ्याला. सुपारीचा चुरा, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घोटून तो तयार करतात. सुपारीमुळे तोंडाच्या आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडणे कठीण होते. तंबाखू व सुपारी हे दोन्ही पदार्थ कर्करोगास कारणीभूत ठरतात.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणाऱ्यांचे २४.४ टक्के होते. म्हणजेच आपल्या राज्यातील प्रश्न मुख्यतः चघळण्याच्या तंबाखूचा आहे. असे असूनही, देशभरात वैद्यकीय व्यावसायिकांकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना सवय सोडण्याचा सल्ला मिळाला, तर तंबाखू खाणाऱ्यांपैकी केवळ ३१.७ टक्क्यांना. रुग्ण ताप वा खोकल्यासाठी येतो, औषध घेतो व निघून जातो. खर्ऱ्याची विचारणाच होत नाही.

प्रशिक्षणाचे स्वरूप

ही उणीव भरून काढणे हाच प्रशिक्षणाचा हेतू होय. त्याच्या पाच पायऱ्या आहेत : प्रत्येकास सेवनाविषयी विचारणे, स्पष्ट शब्दांत सल्ला देणे, सोडण्याची तयारी जोखणे, साहाय्य करणे आणि पाठपुरावा ठेवणे. विचारणा करताना ‘तंबाखू’ एवढाच शब्द पुरेसा नसतो. खर्रा, सुपारी, मशेरी अशी नावे घेऊन विचारल्यास खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी पिणे किंवा हाती दुसरे काम घेणे, ही साधी युक्तीही शिकविता येते. अधिक मदतीसाठी १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

प्राध्यापकांचे स्थान

२००३ च्या केंद्रीय कायद्यान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीस, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई आहे. महाविद्यालयात पाऊल टाकणारा विद्यार्थी मात्र लवकरच वयाचे हे संरक्षण ओलांडतो. त्या वयात त्याला नित्य भेटणारी वडीलधारी व्यक्ती म्हणजे प्राध्यापक. रामटेक येथे १९९७ साली स्थापन झालेल्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयासारख्या संस्थांतून उद्याचे शिक्षक बाहेर पडतात. तेथील एका प्राध्यापकास प्रशिक्षण मिळाले, तर ते अनेक गावांतील शाळांपर्यंत पोहोचू शकते. अशा प्रशिक्षणात विद्यार्थ्यास दंड करण्यापेक्षा त्याच्याशी एकांतात बोलण्यावर भर हवा. स्वतः खर्रा खाणाऱ्या शिक्षकाच्या उपदेशास वजन राहत नाही. म्हणून शिक्षक व डॉक्टर यांच्या स्वतःच्या सवयीपासूनच प्रारंभ करणे उचित ठरते.

राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. कायदा विक्रीस आवर घालतो. जडलेली सवय सुटण्यास मात्र माणसाचा आधार लागतो. शाळेभोवतीची शंभर यार्डांची हद्द पाळली जाते की नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. आणि गावातील दवाखान्यात प्रत्येक रुग्णास तो एक प्रश्न विचारला जातो की नाही, याचीही आस्थेने चौकशी करावी.