मराठी संकेतस्थळे डोळ्यांना सुखकर कशी होतील?

वालीव : वालीवच्या औद्योगिक पट्ट्यातील कामगाराला कर भरण्याची मुदत पाहायची असो वा मुलाच्या शाळेची सूचना, आता तो मोबाइलच्या पडद्याकडेच वळतो. तेथील अक्षरे बारीक आणि दाट असतील, तर '१' आणि '९' या अंकांतही गल्लत होते. चुकीच्या वाचनाचा भुर्दंड मात्र वाचकालाच बसतो. त्यामुळे अक्षररचना हा केवळ सजावटीचा विषय उरत नाही.

सन २००० च्या दशकात अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचा खास फाँट वापरीत. तो संगणकात नसला, की मजकुराऐवजी अनाकलनीय चिन्हे उमटत. युनिकोडच्या प्रसारामुळे ही अडचण सरली. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा फाँट ज्येष्ठ सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता. आज 'मुक्ता', 'नोटो सान्स देवनागरी' असे फाँट विनामूल्य मिळतात. प्रश्न उरतो तो मांडणीचा.

देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अक्षराखाली उकार असतात. म्हणून ओळींतील अंतर रोमन लिपीपेक्षा अधिक हवे. अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा त्याहून किंचित जास्त अंतर ठेवल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडत नाही.

सारख्याच मापात देवनागरी अक्षरे इंग्रजीपेक्षा लहान भासतात. त्यामुळे मुख्य मजकुरासाठी १६ पिक्सेलपेक्षा थोडे मोठे माप योग्य. अक्षरांमध्ये कृत्रिम अंतर टाकू नये; शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. तिरप्या अक्षरांची परंपराही या लिपीत नाही. ठळकपणा मथळ्यापुरताच ठेवावा, अन्यथा अक्षरांच्या पोटातील मोकळी जागा भरून 'घ' आणि 'ध' सारखेच दिसू लागतात.

रंगांबाबत 'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेने २००८ मध्ये निकष ठरविला. सर्वसाधारण मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे या कसोटीवर टिकत नाहीत.

पानाच्या संहितेत भाषा 'मराठी' अशी नोंदविणेही महत्त्वाचे. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीहून वेगळे आहे. तशी सोय असलेल्या फाँटमध्ये या नोंदीमुळे योग्य रूप उमटते. सूचना छायाचित्राच्या स्वरूपात टाकण्याचे मात्र टाळावे. अक्षरे मोठी केली की ती धूसर होतात, शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीनांसाठीचे वाचन सॉफ्टवेअर त्यापुढे बहुधा अडखळते.

शाळा, गृहनिर्माण संस्था वा लघुउद्योजक यांना हे सारे तपासण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. साध्या मोबाइलवर, भर उन्हात, घरातील ज्येष्ठाला ते पान वाचावयास द्यावे. ते कोठे अडखळतात, तेथून दुरुस्तीला प्रारंभ करावा.