मुंबईची १९१८ची गिनी

संग्रहासाठी सोन्याचं पहिलं नाणं कोणतं घ्यावं, असा विषय निघाला की आपल्याकडे नाव निघतं ते शिवराई होनाचं. ओढ समजण्यासारखी आहे. पण अस्सल होन अतिशय दुर्मीळ आणि नकली होनांचा सुळसुळाट, त्यामुळे नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. विजयनगरचे वराह देखणे असतात, पण राजा कोणता आणि प्रकार कोणता हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. माझं उत्तर बरीच वर्षं एकच आहे: मुंबईच्या टाकसाळीत पाडलेली १९१८ची सॉव्हरिन, म्हणजे आपल्या सराफांच्या भाषेत गिनी. तिचं वजन आणि माप ठरलेलं आहे, नुसत्या सोन्याच्या किमतीहून ती फार महाग नाही, आणि तिच्यामागे जवळजवळ वीस वर्षं चाललेला एक वाद आहे. त्या वादाविषयी मी वाचत गेले आणि या नाण्याने मला जे धरून ठेवलं ते आजतागायत सोडलेलं नाही.

आधी नाणं पाहू. एका बाजूला डावीकडे तोंड केलेला, मुकुट नसलेला पाचवा जॉर्ज. मानेच्या कापावर शिल्पकार बर्ट्रम मॅकेनल याची आद्याक्षरं. पाठीवर घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि पायदळी ड्रॅगन, हे नाणेशिल्पकार पिस्ट्रुची याचं १८१७पासून चालत आलेलं चित्र. घोड्याखाली जमिनीची रेघ आहे, रेघेखाली साल. त्या रेघेवर मधोमध, सालाच्या बरोबर वर, एक बारीक उभं अक्षर दिसतं: रोमन लिपीतला ‘आय’. मेलबर्नचा ‘एम’, सिडनीचा ‘एस’, पर्थचा ‘पी’, तसा हा इंडियाचा ‘आय’. रेघेवर अक्षरच नसेल तर नाणं लंडनचं. एवढं एक अक्षर उमटवून घ्यायला मुंबईला १८९९पासून १९१८पर्यंत थांबावं लागलं.

१८९३मध्ये चांदी आणून रुपये पाडून घेण्याचा लोकांचा हक्क गेला, हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या फाउलर समितीने सुवर्णचलनाची शिफारस केली आणि १८९९च्या कायद्याने सॉव्हरिन हिंदुस्थानात पंधरा रुपयांना कायदेशीर चलन झाली, हा भाग बहुतेकांना माहीत असतो. कमी माहीत असतं ते पुढचं. याच शिफारशीत हिंदुस्थानात सॉव्हरिन पाडण्याचीही गोष्ट होती. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांची तयारी होती, हिंदुस्थान सरकारने जाहीर वाच्यताही केली. अडून बसलं ते लंडनचं अर्थखातं, ट्रेझरी.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो तो ट्रेझरीचा १९०१चा पत्रव्यवहार. दोनेक वर्षं तांत्रिक अडचणींवर कागद इकडून तिकडे फिरत राहिले. एकेक अडचण सुटत गेली. सगळ्या सुटल्यावर ट्रेझरीने काय लिहावं? तांत्रिक प्रश्न मिटले याचा आनंद आहे, पण प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी मुंबईत सॉव्हरिन पाडण्याची मुळात गरज आहे का, याचा पुन्हा विचार व्हावा. सुवर्णमान आता स्थिर झालं आहे, लागेल तेव्हा सॉव्हरिन हिंदुस्थानात येतच आहेत, मग टाकसाळीचं मनुष्यबळ पोसण्याचा खर्च कशाला, असा एकंदर सूर. सरळ नकार द्यायचा नाही, पण कामही होऊ द्यायचं नाही, याचा इतका चोख नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. तोवर ज्यांचं सोनं मुंबईच्या टाकसाळीत येऊ शकलं असतं त्या कोलारच्या खाणवाल्यांनी ते लंडनला विकायची व्यवस्था करून टाकली होती. १९०३मध्ये योजना बेमुदत गुंडाळली गेली.

ट्रेझरीच्या बाजूनेही एक खरा मुद्दा होता, तो नोंदवला पाहिजे. १९००च्या सुमारास सरकारने सॉव्हरिन मुद्दाम चलनात सोडल्या तेव्हा त्यातल्या बऱ्याचशा तिजोरीत परत आल्या. पंधरा रुपये ही सामान्य माणसाच्या व्यवहारासाठी फार मोठी रक्कम होती. पण लोकांच्या हाती सोन्याचं लहान नाणं द्यावं, हा त्यातून निघणारा दुसरा निष्कर्ष लंडनमध्ये कोणी फारसा मनावर घेतला नाही.

विषय पुन्हा उकरून काढला तो एका मुंबईकराने. सर विठ्ठलदास ठाकरसी यांचं नाव आज आपल्याला एसएनडीटी विद्यापीठामुळे माहीत आहे. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला त्यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाईंचं, नाव त्या संस्थेला लागलं. पण हे गिरणीमालक चलनाच्या प्रश्नातले किती जाणकार होते, हे आपण विसरलो. मार्च १९१२मध्ये त्यांनी इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये ठराव मांडला: हिंदुस्थानच्या टाकसाळी सोन्याची नाणी पाडण्यासाठी खुल्या कराव्यात. प्रश्न नाण्यापुरता नव्हता. हिंदुस्थानच्या चलनाचा मोठा राखीव निधी लंडनमध्ये ठेवलेला होता आणि त्याचा लाभ तिथल्या पैशाच्या बाजाराला मिळत होता. सोनं इथे आलं, इथेच त्याची नाणी पडली, तर त्या व्यवस्थेलाच धक्का लागणार होता.

ठरावानंतर हिंदुस्थान सरकारने लंडनला लिहिलं. ट्रेझरीने पुन्हा आपल्या ताब्याच्या आणि खर्चाच्या अटी पुढे केल्या. भारतमंत्री लॉर्ड क्रू यांनी पर्याय सुचवला तो दहा रुपयांच्या वेगळ्या सोन्याच्या नाण्याचा. मग हिंदुस्थानच्या चलनव्यवस्थेचा विचार करायला चेंबरलेन आयोग नेमला गेला. त्यावर होते तरुण अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स. त्यांचं हिंदुस्थानच्या चलनावरचं पुस्तक १९१३मध्येच आलं होतं आणि लोकांच्या हातात सोनं खेळणं त्यांना उधळपट्टी वाटत होती. आयोगाने १९१४मध्ये सांगितलं की टाकसाळीची गरज नाही, पण लोकभावनेचा आग्रहच असेल आणि सरकार खर्च सोसणार असेल तर हरकतही नाही. केन्स यांच्या बुद्धीविषयी वाद नाही. मला मात्र ठाकरसींचं म्हणणं अधिक न्यायाचं वाटतं: ज्या देशाचं सोनं, त्या देशाच्या टाकसाळीचा त्यावर पहिला हक्क.

शेवटी काम केलं ते युद्धाने. फौजांचा खर्च आणि निर्यात वाढली, रुपयांची मागणी भडकली, चांदी इतकी महागली की रुपया वितळवणं फायद्याचं ठरू लागलं. जून १९१७च्या वटहुकुमाने आयात होणारं सगळं सोनं सरकारने घ्यायला सुरुवात केली. एप्रिल १९१८मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी दिली. ती येईपर्यंत हाती आलेल्या सोन्याची नाणी पाडून वेळ निभावून नेणं भाग होतं. सॉव्हरिन पाडायला काढलेली लंडनच्या रॉयल मिंटची मुंबई शाखा सुरू होण्याआधीच टाकसाळीने पंधरा रुपयांच्या सुमारे २१ लाख मोहरा पाडल्या. ऑगस्ट १९१८मध्ये शाखा सुरू झाली, सुमारे १३ लाख सॉव्हरिन निघाल्या, सगळ्यांवर साल १९१८, आणि १९१९मध्ये शाखा बंदही झाली.

वाद मात्र संपला नाही. १९२३मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये केन्स यांच्या मतांचा नावानिशी समाचार घेतला, आणि १९२५मध्ये चलनाचाच विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे मांडलेल्या योजनेत नवे रुपये पाडणं थांबवा आणि सोन्याच्या नाण्यासाठी टाकसाळ उघडा, असं सांगितलं. तसं झालं नाही. १९२७च्या कायद्याने सॉव्हरिनचं कायदेशीर चलन म्हणून असलेलं स्थानही गेलं.

आता खरेदीचं. वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, सोनं २२ कॅरट, त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. आधी काट्यावर आणि कॅलिपरवर पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. नकली गिन्या चांगल्या सोन्याच्याही केलेल्या असतात. भिंगातून ड्रॅगनचे पंख, घोड्याची आयाळ आणि ते अक्षर बघा. कडा गोळा झालेल्या, पृष्ठभाग दाणेदार किंवा फुगीर बिंदूंचा दिसला तर सोडून द्या. आपल्याकडच्या कितीतरी गिन्या गळ्यात घातल्या गेल्या, म्हणून डोक्यावरच्या कडेवरचे दाते बोटाने चाचपा. कडी झाळून नंतर काढलेली असेल तर तिथे ते बुजलेले असतात. अशा नाण्याला सोन्याचाच भाव द्यावा. घेतलेलं नाणं कधीही पॉलिश करू नका. २०१३मध्ये हरियाणात पुन्हा ‘आय’ अक्षराच्या सॉव्हरिन पाडल्या गेल्या, पण त्यांवर राणी एलिझाबेथ आहे. पंधरा रुपयांची मोहर वजनाने हुबेहूब गिनीएवढी, किमतीला मात्र बरीच चढी. ती दुसरं नाणं म्हणून ठेवावी.

एक गोष्ट विशेषतः ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांच्यासाठी. या गिनीला शंभर वर्षं उलटून गेली, त्यामुळे १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आठवण म्हणून लेकीच्या बॅगेत घालू नका. ती इथेच राहणार, हे धरून घ्या, आणि तिच्याबरोबर ठाकरसींच्या ठरावाची हकीकत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीला ती वितळवावीशी वाटणार नाही.