तोंडातील पांढरा चट्टा आणि खर्रा

रोवणीच्या दिवसांत भूक मारायला म्हणून तोंडात धरलेला खर्रा पुढे वर्षभर सुटत नाही. आपल्या वस्त्यांत पुरुष खर्रा खातात, काही बाया गुडाखू लावतात. मग गालाच्या आत पांढरे काहीतरी दिसते आणि 'उष्णता झाली' म्हणून आपण मध-हळद लावत बसतो.

आधी ओल्या स्वच्छ कापडाने तो चट्टा हलकेच पुसून पाहा. दह्यासारखा थर निघून खाली लाल दिसले तर ती बहुधा बुरशी. तान्ह्या बाळाला, शुगर असणाऱ्याला, कवळी वापरणाऱ्याला ती होते आणि डॉक्टरांच्या औषधाने जाते. धडधाकट मोठ्या माणसाला पुन्हा पुन्हा होत असेल तर शुगर आणि एचआयव्ही दोन्ही तपासावे. त्यात लाजायचे काही नाही.

पुसूनही न जाणारा चट्टा वेगळा. त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. खर्रा जिथे दाबून धरतो तिथेच तो बहुधा उठतो. दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. अशा सगळ्याच चट्ट्यांचा कॅन्सर होत नाही, पण काहींचा होतो, आणि कोणत्या चट्ट्याचा होईल हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर लहानसा तुकडा काढून तपासतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही भीती खोटी आहे. चट्टा लाल किंवा कडक झाला, रक्त आले, तर एक दिवसही थांबू नये. एरवीही दोन आठवड्यांत न गेलेला चट्टा दाखवलाच पाहिजे.

तोंडात तीन बोटे उभी जातात का, तेही पाहा. जात नसतील तर सुपारीने गाल आतून आवळत चालले आहेत. 'तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' म्हणणाऱ्यांनाही हे होते, कॅन्सरही होतो.

पहिला उपचार खर्रा सोडणे. सोडल्यावर बरेच चट्टे काही आठवड्यांत फिके पडतात. उरलेले गरजेप्रमाणे काढावे लागतात. 2012 पासून राज्यात गुटखाबंदी आहे, तरी टपरीवर खर्रा घोटणे सुरूच आहे. आपणही पाचवे शील म्हणजे फक्त दारू, असे सोयीने धरून विहाराच्या दारापर्यंत खर्रा नेतो.

तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. पुढे भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय आणि नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. खर्रा सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 या क्रमांकावर मोफत बोलता येते.