आकडा उगाच का हलतो?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार आत येताना आणि सळई बाहेर जाताना ट्रक वजनकाट्यावर चढतोच. काट्याखालच्या लोडसेलचा संकेत मात्र अगदी क्षीण. समजा 50 टनांना 20 मिलिव्होल्ट, तर 10 किलोंच्या वाट्याला येतात फक्त 4 मायक्रोव्होल्ट. शेजारी पहारेकऱ्याने वॉकीटॉकीचे बटण दाबले, तर आकडा हलू शकतो.

होते असे, की लांब केबल अँटेनासारखी वागते. तिने ओढलेली लहर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एकदिश होऊन वजनात मिसळते. त्यामुळे आकडा थरथरेलच असे नाही. कधी तो स्थिर राहून चुकतो. थरथरणारा परवडला, निदान संशय तरी येतो.

काटा रिकामा ठेवून आसपासची उपकरणे एकेक करून बंद करावीत. वेल्डिंग, इन्व्हर्टर, मोटरचे ड्राइव्ह यांचा माग जुना एएम ट्रान्झिस्टरही काढतो: दोन स्टेशनांच्या मधे सुई ठेवून केबलजवळ फिरवा, खरखर वाढेल तिथे थांबा. वॉकीटॉकीसाठी ही युक्ती चालत नाही. तो लांब नेऊन आकडा पाहायचा. मग केबलवर फेराइटची कडी, शील्डचे नीट अर्थिंग, आणि भट्टीच्या पॉवर केबलपासून अंतर. (जंक्शन बॉक्समधली ओलही हुबेहूब असाच त्रास देते, ती आधी पाहावी.) वैधमापनाचे सील असेल तिथे हात लावायचा तो परवानाधारक दुरुस्तीकारानेच.

नारायणगावजवळच्या खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची दुर्बीण आहे. तिथल्या अभियंत्यांनाही असाच भुरटा गोंगाट हुडकावा लागतो.